पैसा सगळ्यांना सारखाच, मग जिंकतं कोण?

ओक्लाहोमा सिटी थंडरच्या २०२५च्या विजेतेपदावर मागच्या अंकात लिहिलं, तेव्हा ओघात एक वाक्य येऊन गेलं: एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, सगळ्या संघांना पगाराची एकच मर्यादा असते, त्यामुळे संघ कोर्टवर उतरायच्या आधी पगाराच्या तक्त्यावर उभा करावा लागतो. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. सगळी आपल्या कोकणातल्या गावांतून आली आणि त्यांतली बरीचशी कबड्डी खेळणाऱ्यांची आहेत. मी रत्नागिरीत संध्याकाळी मुलांना बास्केटबॉल शिकवते आणि त्याआधी नोकरी बँकेच्या कर्जखात्यात केली, त्यामुळे खेळ आणि हिशेब एकत्र येतात तिथे माझं मन आपोआप रमतं. या वेळी बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलून सगळी जागा यालाच देते.

बाई, सगळ्या संघांना पगाराची एकच मर्यादा आहे असं तुम्ही लिहिलंत. मी आकडे पाहिले तर जवळजवळ प्रत्येक संघ त्या मर्यादेच्या वरच आहे. मग ही मर्यादा कसली?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, दापोली

बरोबर पकडलंस. एनबीएची ही पगारमर्यादा, म्हणजे सॅलरी कॅप, म्हणजे ‘याच्यावर एक डॉलरही खर्च करायचा नाही’ असा नियम नव्हे. १९८४-८५च्या हंगामात ती सुरू झाली तेव्हा संघामागे ३६ लाख डॉलर होती. २०२५-२६साठी ती १५ कोटी ४६ लाख डॉलर आहे, म्हणजे आपले १,३०० कोटी रुपये सहज. ती आडवी येते बाहेरचा खेळाडू आणताना. आपलाच खेळाडू राखायचा असेल तर ओलांडता येते. एखादा तीन हंगाम आपल्याकडे खेळला की मर्यादेची पर्वा न करता त्याच्याशी नवा करार करता येतो. बॉस्टनच्या लॅरी बर्डच्या नावावरून या सवलतीला ‘बर्ड राइट्स’ म्हणतात. किमान पगारावर खेळाडू घ्यायला वेगळी सवलत आहे, मधल्या फळीतला एखादा घ्यायला आणखी एक आहे. म्हणून तुला सगळे संघ वर दिसतात.

पण वर जाण्याची किंमत पडते. २०२५-२६मध्ये पगाराची बेरीज १८ कोटी ७९ लाखांच्या पुढे गेली की लक्झरी टॅक्स लागतो. त्याच्या वर आणखी दोन रेषा आहेत, त्यांना पहिला आणि दुसरा एप्रन म्हणतात. त्या हंगामासाठी दुसरा २० कोटी ७८ लाखांवर. टॅक्स ही नुसती पैशाची शिक्षा, मालक गब्बर असेल तर भरून मोकळा होतो. दुसरा एप्रन मात्र हातातली हत्यारंच काढून घेतो. दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून त्या बदल्यात एक मोठा खेळाडू आणता येत नाही, सौद्यात रोख रक्कम देता येत नाही, सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीचा ड्राफ्ट-हक्क, म्हणजे दर वर्षीच्या नवख्या खेळाडूंच्या निवडीतली पाळी, गोठवला जातो. बॉस्टन २०२४चा विजेता. पुढच्याच उन्हाळ्यात त्यांनी ज्रू हॉलिडे आणि क्रिस्टाप्स पोर्झिंगिस या दोन मोहऱ्यांना दुसरीकडे धाडलं. त्यांचा मुख्य खेळाडू जेसन टेटम याच्या दुखापतीने तो निर्णय सोपा केला असेल, पण मूळ कारण हीच रेषा. मला विचारशील तर लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०२३च्या करारातला हा सगळ्यांत चांगला बदल आहे.

आता एक नियम लक्षात ठेव, पुढच्या सगळ्या उत्तरांत तो लागेल. एका खेळाडूच्या पगारालाही कमाल मर्यादा आहे. पहिली सहा वर्षं कॅपच्या २५ टक्के, सात ते नऊ वर्षं झालेल्याला ३० आणि दहा किंवा अधिक झालेल्याला ३५ टक्के. काही मानसन्मान मिळवले तर वरच्या पायरीवर लवकर जाता येतं, पण ३५च्या पुढे सहसा सुरुवात करता येत नाही. म्हणजे डेन्व्हरचा निकोला योकिच असो की आणखी कुणी, त्याच्या खेळाची खरी किंमत संघाला कधीच मोजावी लागत नाही. जगातला सर्वोत्तम खेळाडू कमाल पगारातही स्वस्तच पडतो.

आमच्याकडे आंब्याची बाग मोहोरावर खंडाने देतात. फळ धरलं तर घेणारा कमावतो. तुडतुडा पडला, अवकाळी झाला तर बुडतो. तुमच्या ओक्लाहोमाचं जिंकणंही असंच नशिबाचं नाही का?
— एक बागायतदार, देवगड

तुम्ही दिलेला दाखला ड्राफ्टला चपखल बसतो, म्हणून तोच धरून सांगते. पहिल्या फेरीत निवडलेल्या पोराचा पगार त्याच्या क्रमांकावरून ठरतो. पहिली दोन वर्षं पक्की, पुढची दोन संघाच्या मर्जीवर. चार वर्षं किंमत बांधलेली. फळ कितीही धरलं तरी दर तोच. एनबीएत विजेता संघ उभा राहतो तो खेळाडूचा खेळ आणि त्याचा पगार यांतल्या फरकावर, आणि हा फरक सगळ्यांत मोठा असतो तो याच चार वर्षांत. फक्त देवगडचा व्यापारी झेपतील तेवढ्या बागा घेतो. ओक्लाहोमाचा संघ बांधणाऱ्या व्यवस्थापकाने, सॅम प्रेस्टीने, आधी बागा घेण्याचे हक्कच गोळा केले.

जुलै २०१९मध्ये पॉल जॉर्जला लॉस एंजेलिस क्लिपर्सकडे जायचं होतं. प्रेस्टीने त्याला दिलं आणि बदल्यात डॅनिलो गॅलिनारी, पहिल्या फेरीचे पाच हक्क, क्रमांक अदलाबदलीचे दोन हक्क आणि एकच हंगाम खेळलेला शाय गिल्जस-अलेक्झांडर घेतला. त्याच महिन्यात रसेल वेस्टब्रुक ह्यूस्टनला गेला, तिथूनही हक्क आले. मग भोगावं लागलं. २०२०-२१मध्ये २२ विजय आणि ५० पराभव, पुढच्या हंगामात २४ आणि ५८. २ डिसेंबर २०२१ला मेम्फिसने त्यांना १५२-७९ असं हरवलं. ७३ गुणांचा फरक. एनबीएच्या इतिहासात एवढ्या फरकाने कुणी हरलेलं नाही.

२०२२च्या ड्राफ्टमध्ये त्यांनी दुसऱ्या क्रमांकावर चेट होल्मग्रेन घेतला आणि क्लिपर्सकडून आलेल्या हक्कावर, बाराव्या क्रमांकाला, जेलन विल्यम्स. होल्मग्रेनचा पाय दुखावला आणि त्याचा पहिला अख्खा हंगाम वाया गेला. तुमचा तुडतुडा म्हणा हवं तर. तीन वर्षांनी, २०२४-२५मध्ये, विल्यम्सचा पगार ५० लाख डॉलरच्या आत होता आणि होल्मग्रेनचा एक कोटी १० लाखांच्या आसपास. विजेत्या संघाच्या पहिल्या पाचांतले दोघे मिळून कॅपचा आठवा हिस्सासुद्धा खात नव्हते. त्यातला विल्यम्स अंतिम फेरीच्या पाचव्या सामन्यात एकटा ४० गुण करून गेला.

उरलेल्या पैशात काय केलं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. इसाया हार्टेनस्टाइनला तीन वर्षांसाठी ८ कोटी ७० लाख देऊन आणलं. संघाकडे रिबाउंड, म्हणजे नेम चुकून रिंगवरून उडालेला चेंडू, घेणारा धिप्पाड माणूस नव्हता, तो मिळाला. आणि शिकागोला जॉश गिडी देऊन ॲलेक्स करुसो घेतला. गिडी वयाने लहान, सहाव्या क्रमांकावर निवडलेला, त्याचं नाव मोठं होणार असं सगळे म्हणायचे. करुसोला तर ड्राफ्टमध्ये कुणीच निवडलं नव्हतं आणि पगार एक कोटी डॉलरच्या आत. प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, डेन्व्हरविरुद्ध सातव्या सामन्यात प्रशिक्षकांनी या करुसोला योकिचवर सोडलं. अर्ध्या फुटाने बुटका, वजनाने कितीतरी कमी. तो योकिचच्या पाठीमागे राहिलाच नाही. पुढे येऊन उभा राहायचा, मांडी योकिचच्या गुडघ्यापाशी टेकवून, एक हात मागे त्याच्या अंगावर आणि दुसरा चेंडूच्या वाटेत. डोक्यावरून पास टाकला तर मागून मदतीला दुसरा हजर. योकिचच्या हातात चेंडूच पडेना. मी तो भाग थांबवून थांबवून मुलींना दाखवला आहे. ओक्लाहोमा तो सामना १२५-९३ने जिंकला. पुढे २२ जूनला इंडियानाविरुद्धचा निर्णायक सातवा सामना १०३-९१ने घेतला.

नशीब नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्या शेवटच्या सामन्यात इंडियानाचा टायरीस हॅलिबर्टन पहिल्याच सत्रात टाचेची शीर तुटून बाहेर गेला. तो खेळता तर काय झालं असतं कुणी सांगावं. पण हक्क अनेक असले की एक बाग करपली तरी घर चालतं, आणि प्रेस्टीने नेमकी तीच व्यवस्था केली.

उलट उदाहरण त्याच हंगामात फिनिक्सचं. केव्हिन ड्युरँट, डेव्हिन बुकर, ब्रॅडली बील या तिघांचेच पगार १५ कोटी डॉलर, आणि त्या वर्षीची कॅप १४ कोटी ६ लाख. तीन माणसांनीच मर्यादा ओलांडली. बाकीची फळी जवळजवळ किमान पगारावर भरली. ३६ जिंकले, ४६ हरले, प्लेऑफला मुकले. ड्युरँट आणि बुकरला कमाल पगार देण्यात काही वावगं नव्हतं. तिसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूला पहिल्या क्रमांकाचा पगार दिला, आणि त्याच्या मर्जीशिवाय त्याला हलवता येणार नाही अशी अटही सोबत घेतली, तिथे संघ बुडाला. माझं स्पष्ट मत आहे: पहिल्याला देताना हात आखडू नये, तिसऱ्याला देताना दहा वेळा विचार करावा.

ओक्लाहोमाची बांधलेली किंमतही संपत आली. जुलै २०२५मध्ये शाय, विल्यम्स आणि होल्मग्रेन, तिघांशीही कमाल पगाराचे नवे करार झाले. दोघा तरुणांचे करार २०२६-२७पासून लागू होतात. तेव्हा करुसोसारखी माणसं ठेवायची कशी, ही प्रेस्टीची खरी परीक्षा.

माझा मुलगा नववीत आहे. तो म्हणतो, मोठे संघ चांगला खेळाडू मिळावा म्हणून मुद्दाम हरतात. हे खरं असेल तर मुलाला काय सांगायचं?
— एक आई, चिपळूण

खरं आहे, पण खेळाडू मुद्दाम हरत नाहीत. व्यवस्थापनच चांगल्या खेळाडूंना विकतं किंवा बाहेर बसवतं. फिलाडेल्फियाने काही वर्षं हेच धोरण उघडपणे चालवलं, २०१५-१६मध्ये ८२पैकी १० सामने जिंकले, आणि त्यानंतर २०२५पर्यंत ते प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीपलीकडे गेलेले नाहीत. ड्राफ्टमधला क्रम ज्या लॉटरीने ठरतो तिचा नियम २०१९मध्ये बदलला: तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या क्रमांकाची शक्यता सारखीच, १४ टक्के, झाली. २०२५मध्ये सर्वांत जास्त हरलेल्या युटाला पाचवा क्रमांक मिळाला आणि शंभरात दोनसुद्धा शक्यता नसलेल्या डॅलसला पहिला. मुलाला हे आकडे दाखवा. हरायची सवय लागलेल्या संघात तरुण पोरं बचाव शिकत नाहीत, हे त्याला आत्ता पटणार नाही. एक हंगाम खेळला की पटेल.

न्यूयॉर्कच्या जेलन ब्रन्सनान इतके पैशे सोडल्यान म्हणतत. तो शाणो की खुळो?
— एक हॉटेलवाले, वेंगुर्ला

शाणो! आधी आकडे सांगते. ब्रन्सन २०१८च्या ड्राफ्टमध्ये ३३वा. जुलै २०२४मध्ये त्याने चार वर्षांसाठी १५ कोटी ६५ लाख डॉलरवर सही केली. एक वर्ष थांबला असता तर त्याला पाच वर्षांचे २६ कोटी ९० लाखांच्या आसपास मिळू शकले असते. त्याने कमी घेतल्यामुळे न्यूयॉर्कला दुसऱ्या एप्रनखाली राहून कार्ल-अँथनी टाउन्सला आणणं सोपं गेलं, आणि २०२५मध्ये संघ २०००नंतर पहिल्यांदा पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत पोहोचला. पण त्याने सगळं सोडलं असं नाही. शेवटचं वर्ष त्याच्या मर्जीवर आहे. तेव्हा त्याची दहा वर्षं भरतील आणि तो ३५ टक्क्यांच्या पायरीवर नवा करार मागू शकेल. पायाला दुखापत झाली तर मात्र सोडलेले पैसे गेले. धोका त्याने पत्करला, तो खराच.

मात्र ‘खेळाडूने संघासाठी त्याग करावा’ हे वाक्य मालकांच्या तोंडी मला खपत नाही. मर्यादा मालकांना हवी होती, फायदाही त्यांचा. त्यागाची अपेक्षा पोरांकडून का? स्टीफन करीचं उदाहरण लोक देतात. गोल्डन स्टेटच्या या करीने २०१२मध्ये चार वर्षांसाठी ४ कोटी ४० लाखांवर सही केली ती घोटा वारंवार दुखावत होता म्हणून, मोठ्या मनाने नव्हे. तो पुढे लागोपाठ दोनदा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि पगार तोच राहिला. त्यातच २०१६च्या उन्हाळ्यात टीव्हीच्या नव्या करारामुळे कॅप ७ कोटींवरून एकदम ९ कोटी ४१ लाखांवर गेली. ७३ सामने जिंकलेल्या संघाकडे अचानक जागा झाली आणि ड्युरँट आला. त्या हंगामात करीचा पगार स्वतःच्या संघात चौथ्या क्रमांकावर होता. २०१७ला संघ जिंकला, त्याच उन्हाळ्यात त्याने पाच वर्षांचे २० कोटी १० लाख घेतले आणि ते त्याचेच होते.

आमच्या प्रो कबड्डीतही संघाला ठरावीक रक्कम असते. मग तिथे हेच गणित का नाही चालत? महागडा खेळाडू घेतला की संघ जिंकतोच असं दिसत नाही.
— एक जुना रेडर, रोहा

चालतं, आणि तुमच्याच शंकेत त्याचा पुरावा आहे. दहाव्या हंगामाआधीचा, २०२३चा लिलाव आठवा. संघाची थैली ५ कोटींची. तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले, म्हणजे निम्म्याहून जास्त थैली एका माणसावर. २२ सामन्यांत दोन विजय, गुणतक्त्यात तळाला. पवनच्या चढाईत काही उणं नव्हतं. तो बाद होऊन बाकावर बसला की त्याला परत आणणारा बचाव मागे नव्हता.

आता याच लिलावात पुणेरी पलटणने मोहम्मदरेझा शादलूला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. तीही जवळजवळ निम्मी थैलीच! तरी १ मार्च २०२४ला हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ने हरवून पलटण पहिल्यांदा विजेती झाली. फरक उरलेल्या निम्म्या थैलीत होता. अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे ही संघानेच वाढवलेली पोरं लिलावाआधी राखलेली होती आणि बाजारभावापेक्षा कितीतरी कमी किमतीत खेळत होती. ओक्लाहोमाने विल्यम्स आणि होल्मग्रेनबाबत केलं तेच हे. तेव्हा रोह्यात लिलावाच्या रात्री पोरं आकड्यांवर पैजा लावतात, त्यांना सांगा, लिलाव बघण्याआधी राखलेल्यांची यादी वाचा.

एक फरक मात्र मोठा आहे. कबड्डीत एका खेळाडूला कमाल मर्यादा नाही, त्यामुळे लिलावात उतरलेला सर्वोत्तम खेळाडू तिथे सहसा स्वस्त पडत नाही; त्याची पुरेपूर किंमत वसूल होते. खेळाडूच्या बाजूने पाहिलं तर हे न्यायाचं आहे आणि मला ते आवडतं. संघ बांधणाऱ्याला मात्र दुसरी फळी आणखी काटेकोर निवडावी लागते.

शाळेतल्या मुलांना हे समजावून द्यायचं आहे. काही सोपी युक्ती आहे का?
— एक क्रीडाशिक्षक, सावंतवाडी

आहे. पावसात आमच्या कोर्टवर शेवाळ धरतं. खराट्याने घासून ब्लीचिंग पावडर टाकली तरी चार दिवसांत पुन्हा तेच, आणि मुलांचे पाय घसरायला नकोत म्हणून आम्ही आत हॉलमध्ये बसतो. तेव्हा फळ्यावर हा खेळ मांडते. पंधरा मुली, तीन संघ, प्रत्येक संघाला १०० गुणांची थैली. प्रत्येकीची किंमत मुलींनीच मिळून ठरवायची, पण ३५च्या वर कुणालाच नाही. आमच्याकडे एक मुलगी अशी आहे की तिची किंमत ६० तरी हवी यावर सगळ्यांचं एकमत झालं. नियमाने ३५! चिठ्ठी टाकली, ती ज्या संघाला गेली त्यांना २५ गुण आयतेच मिळाले. कमाल पगाराचं सगळं प्रकरण मुलींना त्या एका चिठ्ठीत कळलं, मला काही सांगावं लागलं नाही.

दुसरी एक होती, बास्केट क्वचितच करणारी, म्हणून १० गुणांना गेली. पण स्क्रीन लावायला, म्हणजे आपल्या खेळाडूला मोकळं करण्यासाठी समोरच्याची वाट अडवून उभं राहायला, पक्की, आणि समोरच्याच्या पासच्या वाटेत बरोबर उभी राहते. शाळेच्या छोट्या हॉलमध्ये सामने झाले, तिचा संघ जिंकला. पुढच्या आठवड्यात किमती नव्याने ठरवल्या तर मुलींनी तिला २५ केलं. आता तिच्या संघाची बेरीज ११५. कुणाला सोडायचं यावर त्या पाचजणींची अशी जुंपली की मला दिवे बंद करून सगळ्यांना घरी पाठवावं लागलं. मग नियम घातला: आपली खेळाडू राखण्यासाठी ११०पर्यंत जाता येईल, पण मग पुढच्या आठवड्यात अदलाबदल बंद. त्यांनी हिशेब करून एक २०वाली सोडली, १५वाली घेतली आणि ११०वर थांबल्या.

दोन गोष्टी सांभाळा. किमती पहिल्याच आठवड्यात बदलू नका, एक-दोन सामने तरी त्याच दरात होऊ द्या, नाहीतर कुणाचं काम दिसायच्या आधीच आरडाओरडा होतो. आणि सगळ्यांत खालची किंमत १०च ठेवा. फळ्यावर आपल्या नावापुढे २ किंवा ३ लिहिलेलं मूल घरी जाऊन रडतं. कुणी शिल्लक राहणार नाही अशी संख्या आधी जुळवा. पंधरा असतील तर तीन संघ, सतरा असतील तर दोघांना थैल्यांचा हिशेब ठेवायला बसवा आणि पुढच्या आठवड्यात त्या दोघांना पहिली निवड द्या.